जेऊरचे ग्रहण, एरॉस आणि पुण्याची वेधशाळा

२२ जानेवारी १८९८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यात आले. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे पथक तेथे होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल हेही तेथेच उतरले होते. त्याच वर्षी १३ ऑगस्टला बर्लिन येथे गुस्टाव्ह विट यांच्या छायाचित्रकाचेवर एक आखूड रेघ उमटली. पृथ्वीच्या कक्षेजवळ येणारा पहिला ज्ञात लघुग्रह एरॉस तो हाच. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही. परंतु त्या शेजारी ठेवल्या की साहजिकच प्रश्न पडतो : पुण्यास दुर्बीण असता हा शोध येथे का रुजला नाही?

आपला 'लघुग्रह' हा शब्द आकारावरून बनला आहे. हर्शेल यांनी १८०२ मध्ये रूढ केलेल्या 'ॲस्टेरॉइड' या शब्दाचा अर्थ मात्र 'ताऱ्यासारखा' असा आहे, आणि वेधकर्त्याची खरी अडचण तोच शब्द सांगतो. दुर्बिणीतून दोहोंत भेद दिसत नाही, भेद गतीचा. दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवीत ठेवल्यास काचेवर तारे बिंदुरूप राहतात आणि लघुग्रहाची रेघ होते. मात्र एका रात्रीच्या रेघेवरून कक्षा निश्चित होत नाही. त्याकरिता पुनःपुन्हा वेध घ्यावे लागतात. १९११ मध्ये व्हिएन्ना येथे पालिसा यांना सापडलेला आल्बर्ट हा पृथ्वीनिकट लघुग्रह असाच हरवला, तो २००० साली पुन्हा हाती लागला.

पुण्याची वेधशाळा १८८८ मध्ये उभी राहिली. तिची ग्रब कंपनीची वीस इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. नायगमवाला यांचा ओढा वर्णपटांकडे होता व त्यात वावगे काही नाही. परंतु वेधशाळा त्या एका व्यक्तीवरच उभी होती. १९१२ मध्ये ते निवृत्त होताच ती बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. प्रस्तुत लेखकाच्या मते उणीव साधनाची नव्हती, व्यवस्थेची होती. वर्षानुवर्षे चालावयाचे काम एका माणसाच्या सेवाकालात कसे मावावे?

मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी २०१८ मध्ये लडाखमधील हानले येथे स्वयंचलित दुर्बीण कार्यान्वित केली. पृथ्वीनिकट लघुग्रहांचा पाठपुरावा हे तिच्या कामांपैकी एक आहे. तिचा आरसा ७० सेंटिमीटरचा आहे. पुण्याचा सुमारे ५१ सेंटिमीटरचा होता.