सैनिकांच्या छातीतली धडधड

भीती आणि चिंता यांचा रक्ताभिसरणावर होणारा परिणाम डॉक्टरांना नीट अभ्यासावा लागला तो सैनिकांमुळे. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात अनेक तरुण एकच गाऱ्हाणे घेऊन येत: छातीत धडधड आणि कळा, थोड्याशा श्रमाने धाप. तापातून किंवा हगवणीतून उठून पलटणीत परतलेला शिपाई कूच करताना सोबत्यांच्या मागे पडे. डॉ. जेकब दा कोस्टा यांनी अशा तीनशेहून अधिक जणांना तपासले. नाडी जलद, उभे राहताच आणखी जलद; हृदयात मात्र बहुतेकदा दोष सापडेना. १८७१ साली त्यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हा कारण म्हणून ताप, अतिसार आणि मोहिमेतील कष्ट पुढे केले. भीतीला त्यांच्या विवेचनात फारशी जागा नव्हती. इंग्लंडमध्ये तोवर पाठीवरच्या ओझ्याला आणि घट्ट गणवेशाला बोल लावून झाला होता. शूर माणसाला भीतीने आजारी म्हणणे त्या काळी कोणालाच सोपे नव्हते.

उलगड्याची सुरुवात प्रयोगशाळेत झाली. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर ठेवलेल्या मांजरांचे रक्त तपासले आणि त्यात अ‍ॅड्रेनॅलिनचा अंश आढळल्याचे सांगितले. १९१५ च्या ग्रंथात त्यांनी सगळी साखळी मांडली: भीती किंवा संताप येताच हृदयाचे ठोके वाढतात, आतड्यांकडचा रक्तपुरवठा आखडतो, स्नायूंकडचा वाढतो, यकृतातून साखर रक्तात उतरते. पळायला किंवा झुंजायला ही तयारी उत्तम. पण खंदकात दिवसेंदिवस बसून राहिलेल्या माणसाला ती वापरायला वावच नसतो.

त्याच सुमारास पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातील हजारो जवान याच तक्रारीने निकामी ठरत होते. टॉमस लुईस यांनी हॅम्पस्टेडच्या रुग्णालयात त्यांना अंथरुणाला खिळवून न ठेवता क्रमाक्रमाने वाढणारी कवायत करायला लावली. अनेक जण कामावर परतले. हा निर्णय मोलाचा होता, कारण सक्तीच्या विश्रांतीने आपले हृदय बिघडल्याची धास्तीच पक्की होत असे. तरीही लुईस यांनी जोर श्रमावरच दिला. १९४१ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना, लंडनचे हृदयतज्ज्ञ पॉल वुड यांनी ही लक्षणे श्रमापेक्षा भीतीच्या प्रतिक्रियेशी जुळतात असे दाखवले आणि या विकाराचे मूळ चिंतेत असल्याचे स्पष्टपणे मांडले.