डिझेलच्या मोटारीची पहाट

पेट्रोलच्या मोटारीत ठिणगीचा हुकूम सुटताच ज्वलन होते. डिझेलच्या मोटारीत ठिणगी पाडणारे कोणीच नसते. सिलिंडरात कोंडलेली हवा दट्ट्याने सुमारे विसाव्या हिश्शाइतक्या जागेत दाबली जाते, त्या दाबाने ती तप्त होते आणि तीत तेलाचा फवारा पडताच तो आपोआप पेटतो, एवढ्याच तत्त्वावर या यंत्राचा सारा संसार उभा आहे. सबब, हिवाळ्यातल्या पहाटे जुनी मोटार खोकते, हादरते आणि पुन्हा निपचित पडते, तेव्हा तिची कैफियत पुष्कळदा एकच असते: पहिली ऊब मिळाली नाही.

ही ऊब कोठून आणावी, हा प्रश्न डिझेल एंजिनाहूनही जुना. इंग्लंडात हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट याने 1890 च्या सुमारास सिद्ध केलेल्या तैलयंत्राचे डोके, ते सुरू करण्यापूर्वी, बाहेरून दिव्याच्या ज्योतीने तापवावे लागे. रुडॉल्फ डिझेल याला ही परक्याची ज्योतच नको होती. आउग्सबुर्ग येथे 1893 मध्ये आरंभलेल्या त्याच्या प्रयोगांना 1897 मध्ये निर्विवाद यश आले. परंतु तेल फवारण्यासाठी दाबाची हवा पुरविणारे अवजड लटांबर सोबत असल्यामुळे ते एंजिन कारखान्यांत नि जहाजांत रमले, मोटारीत मात्र शिरले नाही.

ते लटांबर उतरविण्याचा मार्ग दाखविला तो मानहाइमच्या बेंझ कारखान्यातील प्रॉस्पर लोरांज याने. सिलिंडराच्या माथ्यावर एक लहानसा गाभारा ठेवून ज्वलनाचा आरंभ तेथे करावयाचा, ही त्याची 1909 ची कल्पना. तिने एंजिन हलके व सौम्य झाले खरे, पण गाभाऱ्याच्या थंड भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेऊ लागल्या, आणि बाहेर घालवलेली ज्योत विजेच्या रूपाने पुन्हा आत आणावी लागली. आपले मेकॅनिक जिला ‘हीटर’ म्हणतात, ती लाल होणारी तार ती हीच. थेट फवाऱ्याची लॉरी हीटरावाचून सुरू होते आणि नाजूक मोटार अडून बसते, याचे इंगित त्या गाभाऱ्यात आहे.

1927 मध्ये बॉशचा इंजेक्शन पंप बाजारात आला, आणि 1936 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझची 260 डी मांडली गेली. पुढील कित्येक मर्सिडीज मोटारींत फळीवरची मूठ ओढून, जाळीमागची छोटी तार लाल होईपर्यंत थांबावे लागे. या सक्तीच्या स्तब्धतेला जर्मन लोक थट्टेने रुडॉल्फ डिझेलचे ‘स्मरणमिनिट’ म्हणत. तो बिचारा 1913 मध्ये आगबोटीवरून समुद्रात नाहीसा झालेला, त्यामुळे हा विनोद मला थोडा कडवटच वाटतो. त्या मोटारींचे सारे हीटर एकाच ओळीत जोडलेले असत. एक तुटला की चारही थंड. नंतरचे पेन्सिलीसारखे हीटर स्वतंत्रपणे तापू लागले, तेव्हा एकाच्या मरणाने गाडी बंद पडेनाशी झाली, केवळ काही क्षण तीन पायांवर लंगडू लागली.

आपल्याकडे 1489 घनसेंटिमीटरच्या डिझेल अ‍ॅम्बॅसिडरने हे शास्त्र टॅक्सीवाल्यांच्या अंगवळणी पाडले, आणि 1998 मध्ये आलेल्या पुण्याच्या इंडिकाने ते मध्यमवर्गीयांच्या दारी आणले. रात्री गाडी उतारावर लावून ठेवणे हा त्याच विद्येचा एक अनुच्चारित अध्याय.

जुन्या मोटारीच्या धन्याने म्हणून प्रथम धुराची साक्ष काढावी. सेल्फ जोमाने फिरत असून पांढरा धूर येत असेल, तर तेल पोहोचते आहे, पण पेटत नाही: हीटर तपासावेत, ते निर्दोष निघाले तर कॉम्प्रेशन. धूरच नसेल, तर तेलाच्या वाटेत हवा शिरली आहे, फिल्टर तुंबला आहे किंवा तेल बंद करणारी झडप उघडत नाही. सेल्फच रेंगाळत असेल, तर बॅटरी पाहावी. यांतले काहीही न पाहता जो थेट पंप उघडावयास सांगेल, त्याच्या हाती गाडी देऊ नये.