हर्मानचें चित्र

एखाद्या जुन्या चित्राखालीं नांव लिहिलेलें असलें म्हणजे वाद मिटला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ऑक्सफर्ड येथील ॲशमोलियन संग्रहालयांत एका वृद्धाचें लहानसें चित्र आहे. त्याची हकीकत ऐकल्यावर ही समजूत फारशी टिकत नाहीं. चित्र तांबड्या व काळ्या खडूनें काढलेलें असून त्यावर तपकिरी रंगाचा पातळ हात फिरविला आहे. वृद्धाला दाढी आहे, डोक्यास घट्ट बसणारी टोपी आहे, आणि त्याचे डोळे मिटलेले आहेत. खालीं ‘हर्मान गेरित्स फान देन राइन’ अशीं अक्षरें आहेत. हा हर्मान म्हणजे हॉलंडांतील लायडेन शहरचा एक चक्कीवाला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत ज्यांना वलंदेज म्हटलें आहे, त्या डच लोकांतील सर्वश्रेष्ठ चित्रकार रेम्ब्रांट याचा तो बाप. १६३० च्या एप्रिल महिन्यांत तो वारला.

येथें प्रश्न दोन आहेत: समोर बसलेला कोण, आणि खडू हातीं धरलेला कोण? पहिल्या प्रश्नाचें उत्तर ह्या अक्षरांनीं दिलें, पण तें उत्तर फार जणांच्या पचनीं पडण्यासारखें नव्हतें. रेम्ब्रांटच्या तरुणपणच्या चित्रांत टक्कल पडलेला एक म्हातारा पुनःपुन्हां दिसतो. एकोणिसाव्या शतकांतील पंडितांनीं त्याला रेम्ब्रांटचा बाप ठरवून टाकलें होतें. होतकरू चित्रकाराजवळ पैसा कोठून असणार? तेव्हां त्यानें घरच्या माणसांनाच समोर बसविलें असेल, हा तर्क मोठा गोड होता. पुराव्याची उणीव त्या गोडीनेंच भरून निघाली. ऑक्सफर्डच्या कागदावरील चेहरा मात्र अगदींच निराळा. शिवाय तो टकल्या म्हातारा रेम्ब्रांटचा शिष्य डौ व मित्र लीव्हेन्स यांच्याही चित्रांत बसलेला आढळतो. हळूहळू तो ‘बाप’ निनावी झाला. वाचकांपैकीं ज्यांनीं जुन्या चित्रसंग्रहांत त्याचें दर्शन घेतलें असेल, त्यांना थोडी हळहळ वाटेल. आम्हांसही ती वाटली.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. बसणाऱ्याचें नांव काढणाऱ्याचा पत्ता सांगत नाहीं. चित्र बापाचें, म्हणून तें मुलानेंच काढलें असलें पाहिजे, असें म्हणणें म्हणजे टकल्या म्हाताऱ्याविषयींचीच चूक उलट्या बाजूनें करणें होय. त्यांतून खडू हा मोठा बेभरंवशाचा साक्षीदार. लेखणीची रेघ हाताची संवय उघडी करते. सुरुवात कोठें झाली, जोर कोठें ओसरला, तें शाई लपवूं शकत नाहीं. खडूचें तसें नाहीं. त्या काळचा तांबडा खडू म्हणजे आपल्या गेरूचीच एक जात, आणि काळा खडू म्हणजे खाणींतून काढलेला मऊ काळा दगड. दोन्ही झिजतात, पुसटतात, बोटानें पसरतात. शतकानुशतकें हातोहातीं फिरलेल्या कागदावर मूळची रेघ किती आणि घासलेली किती, हें सांगतांना भल्याभल्यांची तारांबळ उडते. माणसाचे कान व नखें पाहून चित्रकार ओळखावा, अशी युक्ति इटलीतील मोरेली यानें काढली. पण ज्या कागदावर कान टोपीखालीं गेला आहे, तेथें तिचा काय उपयोग?

तेव्हां एकच वाट उरते: ज्यांच्याविषयीं शंका नाहीं अशा कागदांशीं ताडून पाहणें. बसलेल्या म्हाताऱ्यांचीं रेम्ब्रांटनें त्याच सुमारास तांबड्या खडूनें काढलेलीं चित्रें आहेत. त्यांतील एकावर त्याची संक्षिप्त सही व १६३१ हें सालही आहे. प्रकाशाकडील बाजूस कागद जवळजवळ कोरा ठेवावयाचा आणि छायेच्या बाजूस आडव्या-तिरप्या रेघांची दाटी करावयाची, ही त्याची रीत हर्मानच्या चित्रांतही ओळखूं येते. आमच्या मतें चित्र रेम्ब्रांटचेंच आहे. आणि तें मत खालच्या अक्षरांवर नव्हे, ह्या रेघांवर उभें आहे.

ह्या काटेकोरपणाला कारण आहे. त्या वेळीं लायडेनमध्यें तरुण चित्रकार एक नव्हता, दोन होते. यान लीव्हेन्स रेम्ब्रांटहून एका वर्षानें लहान. दोघेही लास्टमान ह्या एकाच गुरूकडे शिकलेले. त्या दोघांचें काम स्वतः पाहिलेल्या हौखेन्स ह्या दरबारी विद्वानानें निवाडा दिला कीं, भावनेच्या जिवंतपणांत रेम्ब्रांट सरस, तर कल्पनेच्या भव्यतेंत लीव्हेन्स. पुढें एकाची कीर्ति इतकी वाढली कीं दुसऱ्याची कमाई त्याच्या खात्यावर जमा होऊं लागली. अमेरिकेंत रॅले येथील संग्रहालयानें १९५२ मध्यें ‘एस्थरची मेजवानी’ हें मोठें चित्र रेम्ब्रांटचें म्हणून घेतलें; आज तें लीव्हेन्सचें मानलें जातें. वास्तविक खडूच्या व्यक्तिचित्रांत लीव्हेन्स कोणास हार जाणारा नव्हता. तत्त्ववेत्ता देकार्त याचें त्यानें काळ्या खडूनें काढलेलें चित्र ग्रोनिंगेन येथें आहे. त्यांतील थकलेली, सावध नजर पाहिली म्हणजे हा मनुष्य दोनशें-तीनशें वर्षें दुसऱ्याच्या सावलींत कसा राहिला, याचें नवल वाटतें. २००८ सालीं वॉशिंग्टन येथें त्याच्या कामाचें मोठें प्रदर्शन भरलें, तेव्हां कोठें त्याला स्वतःचें दालन मिळालें.

रेम्ब्रांटच्या खात्यांतून वजाबाकीही पुष्कळ झाली आहे. हॉफस्टेडे द ख्रूट यानें १९०६ मध्यें केलेल्या यादींत त्याचीं दीड हजारांहून अधिक रेखाचित्रें होतीं. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संग्रहांत तीं सुमारें ७०० उरलीं. ह्या छाटणींतूनही हर्मान आपल्या जागीं टिकून आहे. तो अंध होता म्हणून डोळे मिटलेले आहेत, असें कांहींजण म्हणतात. म्हातारा नुसता पेंगला असेल, असें आम्हांस वाटतें.

एक गोष्ट मात्र ह्या कागदाकडे पाहतांना मनांतून जात नाहीं. आपल्याकडे मुलाच्या नांवापुढें बापाचें नांव लावण्याची चाल आहे, तशीच ती हॉलंडांतही होती. तरुण रेम्ब्रांट सहीच्या तीन अक्षरांत मधलें अक्षर ‘हर्मानचा पुत्र’ यासाठीं घालीत असे. १६३३ च्या सुमारास तो नुसतें ‘रेम्ब्रांट’ असें लिहूं लागला, आणि तें अक्षर त्याच्या सहींतून नाहींसें झालें.