भिंतीतली वीज आणि झोपलेला संगणक

संगणकाला झोपवायची गरज आधी पडली ती बॅटरीवर चालणाऱ्यांना. लॅपटॉपची बॅटरी पुरवून पुरवून वापरावी लागे. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने त्यासाठी एपीएम ही पद्धत आणली. तिच्यात कारभार मुख्यतः बायॉसकडे होता. कीबोर्डला थोडा वेळ हात लागला नाही की ते स्क्रीन, डिस्क बंद करी. कुठला प्रोग्रॅम काय करतोय, याची त्याला फारशी कल्पना नसे. डिसेंबर १९९६मध्ये तोशिबाला सोबत घेऊन याच दोघांनी एसीपीआय जाहीर केलं आणि कारभार ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेला. लॅपटॉपच्या पॉवर ऑप्शन्समध्ये दोन रकाने दिसू लागले: एक वायर लावलेली असतानाचा, दुसरा बॅटरीवरचा.

झोपेचेही प्रकार ठरले. एस-३मध्ये फक्त रॅमला जेमतेम वीज मिळते. मशीन काही सेकंदांत उठतं, पण वीज तुटली की रॅममधलं सगळं जातं. एस-४ म्हणजे हायबरनेट. त्यात रॅममधलं सगळं डिस्कवर उतरतं, मग प्लग काढला तरी चालतं.

भिंतीतली वीज पक्की आणि बॅटरी तेवढी भरवशाची नाही, असं हे दोन रकाने धरून चालतात. २००५च्या सुमारास महाराष्ट्रात गणित उलटं होतं. मी तेव्हा तालुक्याच्या गावी डीटीपीवाल्यांचे संगणक सांभाळायचो. लोडशेडिंगमध्ये लॅपटॉप सुखरूप राही. डेस्कटॉप एस-३मध्ये झोपलेला असला, तर लग्नपत्रिकेचा सेव्ह न केलेला मजकूर लाइटबरोबर जाई. म्हणून मी सगळीकडे हायबरनेट लावून द्यायचो. यूपीएसला यूएसबीची वायर असली, तर विंडोज एक्सपी त्याला बॅटरी समजे आणि चार्ज संपत आला की आपणहून हायबरनेट होई. पण स्वस्तातल्या यूपीएसला ती वायरच नसे. तो नुसता बीप देई, आणि ऑपरेटर हातातलं सोडून कंट्रोल-एस दाबायला धावे.

जानेवारी २००७मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाने डेस्कटॉपसाठी हायब्रिड स्लीप आणली: आधी सगळं डिस्कवर लिहायचं, मग एस-३मध्ये जायचं. आमच्यासारख्या गावांना हवी होती ती हीच सोय.

आजही नवा संगणक बसवताना मी या सेटिंग्ज गिऱ्हाइकाला विचारूनच भरतो. कंपनीचे आकडे कुठल्या तरी सरासरी घराचे असतात. याच्या घरी लाइट किती वेळा जाते, ते यालाच ठाऊक.