फटाकेबंदीचा वाद (बीड जिल्हा)

दिवाळीत, लग्नाच्या वरातीत आणि निवडणुकीच्या निकालादिवशी उडवल्या जाणाऱ्या फटाक्यांवर सरसकट बंदी घालावी, की वेळ, जागा आणि प्रकार यांची मर्यादा पुरे, याविषयीचा मतभेद. दिल्ली-मुंबईत तो हवेच्या प्रदूषणावरून पेटला. बीडमध्ये तो पोहोचला न्यायालयांच्या आदेशांतून आणि शेजारच्या जिल्ह्यांतील आगी-स्फोटांतून. म्हणून इथला प्रश्न तत्त्वाचा कमी आणि व्यवहाराचा जास्त: स्टॉल कुठे लावायचे, परवाना कोणाच्या सहीने मिळायचा आणि रात्री दहानंतर वाजणारे फटाके थांबवायचे कोणी.

या भागात शोभेची दारू जुनी आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतील संशोधक प. कृ. गोडे यांनी भारतातील दारूकामाचा इतिहास लिहिताना एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवर’ या सोळाव्या शतकातील काव्याची साक्ष काढली. त्यात लग्नसोहळ्यातील आतषबाजीचे वर्णन आहे. एकनाथांचे पैठण गोदावरीच्या एका काठाला आणि बीड जिल्ह्यातील गेवराई तालुका दुसऱ्या काठाला. फटाके ही कालपरवाची आयात आहे हा बंदीवाल्यांचा एक आवडता मुद्दा या साक्षीने लंगडा पडतो. मात्र ती साक्ष लग्नाच्या थाटाची आहे, दिवाळीच्या विधीची नाही. त्यामुळे ‘फटाके हा धर्माचा भाग’ म्हणणाऱ्यांनाही तिचा फारसा उपयोग नाही.

बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर जिल्ह्याची हद्द ओलांडली की धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यात तेरखेडा लागते. फटाके तयार करणारे गाव म्हणून ते मराठवाडाभर ओळखले जाते. लोक त्याला महाराष्ट्राची शिवकाशी म्हणतात. कोरडवाहू शेतीच्या या पट्ट्यात शेतमजुरीला पर्याय म्हणून जी थोडी कामे मिळतात त्यांत हे एक. कारखान्यांत स्फोट होतात, माणसे दगावतात, चौकशी होते आणि दसऱ्याच्या आधी पुन्हा माल भरू लागतो. १ जानेवारी २०२३ रोजी जवळच्याच बार्शी तालुक्यात पांगरीनजीकच्या कारखान्यात स्फोट होऊन महिला कामगार मृत्युमुखी पडल्या. बंदीच्या चर्चेत फटाके उडवणारा आणि त्याचा आवाज सोसणारा या दोघांचीच बाजू नेहमी मांडली जाते. दारू भरणाऱ्या बाईचे नाव दोन्हीकडच्या भाषणांत क्वचित येते, आणि आले तरी रोजगाराचा आकडा म्हणून येते.

बाजाराचा धोका मराठवाड्याने २९ ऑक्टोबर २०१६ रोजी पाहिला. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्हा परिषद मैदानावरील फटाका बाजार पेटला आणि शंभराहून अधिक दुकाने जळाली. उभी वाहनेही खाक झाली. स्फोटके नियम, २००८ मधील नियम ८४ अशा तात्पुरत्या दुकानांसाठीच आहे. दुकान न पेटणाऱ्या साहित्याचे असावे, दोन दुकानांत किमान ३ मीटर अंतर असावे, वस्ती किंवा सार्वजनिक इमारतीपासून ५० मीटर अंतर राखावे, दुकाने समोरासमोर नसावीत, उघडी ज्योत नसावी, एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त दुकाने नसावीत. मांडवाच्या कापडाचे आणि बांबूचे स्टॉल ज्याने पाहिले आहेत त्याला यातली पहिली अट वाचूनच पुढचे कळते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निवासी भागातील फटाकाविक्रीच्या परवान्यांना मज्जाव केला व २०१७ मध्ये ती भूमिका कायम ठेवली. शहराच्या मध्यातून स्टॉल मैदानावर हलवण्याच्या मागणीला या घटनांनंतर बळ आले.

बंदी घालण्याचा अधिकार कोणाचा, हा वादाचा खरा गाभा. जिल्ह्यात बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई आणि धारूर या नगरपरिषदा आहेत, तर केज, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार व वडवणी येथे नगरपंचायती. मैदान भाड्याने देणे, अग्निशमनाची गाडी उभी करणे, दुसऱ्या दिवशी कागदाचा कचरा उचलणे ही त्यांची कामे. फटाके विकण्याचा परवाना मात्र १८८४ च्या स्फोटके कायद्याखाली मिळतो आणि तात्पुरत्या दुकानांपुरती सही जिल्हा प्रशासनाची असते. मोठ्या साठ्याचा व कारखान्यांचा विषय केंद्राच्या स्फोटके सुरक्षा संघटनेकडे, जिचे मुख्यालय नागपूरला आहे. वाजवण्याच्या वेळेवर लक्ष ठेवायचे ते पोलिसांनी. तेव्हा नगरपालिकेने बंदीचा ठराव केला तरी ती मुख्यतः आपल्या मैदानाचे दार लावू शकते. शिवाय २०२१–२२ मध्ये मुदत संपल्यापासून डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत राज्यातील बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. त्या काळात हा खल करायला तिथे निवडून आलेले सभागृहच नव्हते.

न्यायालयांची मालिका १८ जुलै २००५ पासून मोजता येते. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाच्या फटाक्यांना मनाई केली. त्याआधीच, १९९९ च्या अधिसूचनेने, फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलहून जास्त आवाज करणारे फटाके बनवणे व विकणे बेकायदा ठरले होते. २०१५ मध्ये दिल्लीतील तीन तान्ह्या बाळांच्या नावाने याचिका झाली. तिच्यावर २३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्या. अ. कु. सिकरी व न्या. अशोक भूषण यांनी सरसकट बंदी नाकारली, पण दिवाळीला रात्री ८ ते १० एवढीच वेळ दिली, बेरियमच्या क्षारांना आणि लांबलचक माळांना मनाई केली, ऑनलाइन विक्री थांबवली व फक्त ‘हरित’ फटाक्यांना मुभा ठेवली. हे फटाके नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने तयार केले. धुरातील कण सुमारे ३० टक्क्यांनी कमी, हा त्यांचा दावा. फटाका फटाकाच राहतो. हे सारे दिल्लीपुरते आहे अशी समजूत बरीच वर्षे टिकली. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी राजस्थानच्या एका अर्जावर न्यायालयाने ते आदेश देशभर लागू असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे बीडमध्ये ‘बंदी हवी की नको’ असा वाद ज्या दिवशी रंगतो त्या दिवशी अर्धी बंदी आधीच लागू असते. बाजारात ती दिसत नाही एवढेच.

महाराष्ट्राच्या राजकारणाने पूर्ण बंदीला प्रत्येक वेळी हात लावून काढून घेतला. ऑक्टोबर २०१७ मध्ये पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी राज्यात बंदीचा विचार बोलून दाखवला. त्यावर राज ठाकरे यांनी, आता फटाके व्हॉट्सॲपवर फोडायचे का, असा सवाल केला आणि कदमांच्याच पक्षाचे संजय राऊत विरोधात उभे राहिले. नोव्हेंबर २०२० मध्ये, करोनाच्या काळात, आरोग्यमंत्री राजेश टोपे (बीडला लागून असलेल्या जालना जिल्ह्याचे) यांनी बंदीचा आग्रह धरला. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी आदेशाऐवजी आवाहन केले. ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिकच्या विभागीय आयुक्तांनी ‘माझी वसुंधरा’ अभियानाचा हवाला देऊन बीडशेजारच्या अहमदनगरसह पाच जिल्ह्यांतील स्थानिक संस्थांना विक्री व वापर रोखण्यास सांगितले. व्यापारी आणि लोकप्रतिनिधी यांचा विरोध झाला आणि ती बंदी टिकली नाही. महाराष्ट्रातील लहान शहरांपुढे सभागृहाने ठराव करून बंदी घालण्याचा प्रश्न या प्रसंगी सरळ आला.

आदेशाशिवायचे काम त्याहून जुने आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने शाळाशाळांतून फटाकेमुक्त दिवाळीचे संकल्प घेतले आणि वाचलेल्या पैशांची पुस्तके घ्यायला मुलांना सांगितले. सुटीआधी शाळेत घेतल्या जाणाऱ्या शपथा त्याच वाटेने आल्या.

बीडमध्ये हवेचा मुद्दा मांडणे अवघड जाते. केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात मराठवाड्यातून औरंगाबाद, जालना व लातूर ही शहरे आहेत, बीड नाही. राष्ट्रीय हरित लवादाने नोव्हेंबर २०२० मध्ये शहराच्या हवेच्या प्रतीनुसार पूर्ण बंदी की दोन तासांची मुभा, असे ठरवले. त्या मोजपट्टीत अशी गावे बसतच नाहीत. धुराचा प्रश्न मात्र गल्लीचा असतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये केलेल्या मोजणीत सर्वात जास्त सूक्ष्म कण सोडले ते नागगोळीने, घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत. त्याखालोखाल माळ होती. लहान मुलांसाठी ‘बिनआवाजाचे’ म्हणून घेतल्या जाणाऱ्या वस्तूंत हीच गोळी असते.

इथला जास्त ओळखीचा धोका आगीचा. दिवाळीच्या सुमारास शेतात सोयाबीनची बनीम (कापलेल्या पिकाचा ढीग) लागलेली असते, गोठ्याशेजारी कडब्याची गंजी. ऊसतोड मजुरांच्या कोपी (झोपड्या) पाचटाच्या. भरकटलेल्या एका बाणाला एवढे पुरते. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय ही आवाजाच्या दृष्टीने नाजूक ठिकाणे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांभोवतीची १०० मीटरची शांतता क्षेत्रे २००० च्या ध्वनी नियमांत आहेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांनी, स्वच्छ हवा फक्त राजधानीच्या लोकांनाच का, जे धोरण असेल ते देशभर असावे, असा प्रश्न केला. सुमारे महिन्याभराने, १५ ऑक्टोबर रोजी, त्यांच्याच पीठाने दिल्ली परिसरात दिवाळीपुरती हरित फटाक्यांना सवलत दिली. २०१८ च्या आदेशातील एक तरतूद दोन्हीकडचे वक्ते सहसा सांगत नाहीत: उल्लंघन झाल्यास त्या हद्दीतील ठाणेदार व्यक्तिशः न्यायालयाच्या अवमानाला जबाबदार.