पाहुणीला खरं सांगावं का?

संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवायचा म्हटला की तो रखडणार, हे आपण धरूनच चालतो. मग कुणी तरी जाणकार एक यादी हातात देतो. अमुक ड्रायव्हर टाका, तमुक सेवा बंद करा, मेमरी उगाच जास्त देऊ नका. यादी बहुधा बरोबर असते, पण ती का चालते हे कुणी सांगत नाही. ते समजायला जवळजवळ साठ वर्षं मागे जावं लागतं. मला त्या यादीपेक्षा तिच्यामागची गोष्टच जास्त आवडते, म्हणून आज ती.

घरातल्या बिगर-संगणकी मंडळींसाठी आधी दोन ओळी. व्हर्च्युअल मशीन म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणकाचा भास. आत बसलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमला वाटतं, हा प्रोसेसर, ही मेमरी, ही डिस्क, सगळं आपल्या एकटीचं. प्रत्यक्षात ती पाहुणी असते आणि घर चालवणारा यजमान वेगळाच असतो. आता प्रश्न असा, की ती पाहुणी आहे हे तिला सांगायचं की नाही?

सुरुवात झाली ती मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये, आयबीएमच्या सायंटिफिक सेंटरमध्ये. एक मोठं यंत्र अनेकांनी एकाच वेळी कसं वापरावं, हा १९६४ च्या सुमाराचा कळीचा प्रश्न होता. आयबीएमचा अधिकृत, मोठा प्रकल्प होता टीएसएस/३६०. रॉबर्ट क्रीसी यांच्या छोट्या गटाने मात्र निराळीच वाट धरली. प्रत्येकाला यंत्राचा तुकडा देण्याऐवजी प्रत्येकाला अख्खं यंत्रच द्यायचं. खोटं, पण हुबेहूब! त्यांची सीपी-४० ही प्रणाली १९६७ च्या जानेवारीपर्यंत वापरात आली. एका यंत्रावर १४ आभासी यंत्रं, प्रत्येकाला २५६ के मेमरी. (हो, के. मेगाबाइट नव्हे.) भास इतका चोख की खऱ्या यंत्रावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम एक अक्षरही न बदलता आत चालावी.

पण भासाला किंमत असते. काही आज्ञा फक्त घरमालकाने द्यायच्या असतात, उदाहरणार्थ डिस्क हलवणं किंवा मेमरीचे नकाशे बदलणं. पाहुणीने तशी आज्ञा दिली की यंत्र तिला थांबवतं, यजमान पुढे येतो, तिच्या वतीने काम उरकतो आणि काही घडलंच नाही अशा थाटात तिला पुन्हा चालू करतो. हे सेकंदाला किती तरी वेळा होतं.

ही किंमत किती होती त्याचा एक हिशेब उपलब्ध आहे. सीपी-४० ची पुढची आवृत्ती सीपी-६७ ही १९६८ च्या जानेवारीत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत बसवली गेली. तिथे लिन व्हीलर नावाचा विद्यार्थी होता. त्याने ओएस/३६० वर कामांचा एक संच चालवून पाहिला. खऱ्या यंत्रावर ३२२ सेकंद, आभासी यंत्रात ८५६. म्हणजे ५३४ सेकंद नुसते यजमानाच्या खटपटीत गेले. पुढच्या काही महिन्यांत त्याने यजमानाच्या कोडमधल्या, वारंवार तुडवल्या जाणाऱ्या वाटा नव्याने लिहून काढल्या आणि ते ५३४ सेकंद ११३ वर आणले. पाहुणीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

ते ११३ सेकंद मात्र उरलेच. भास चोख ठेवायचा तर यजमानाला काही तरी काम राहणारच. त्यापुढे जायचं तर पाहुणीलाच विश्वासात घ्यायला हवं.

सिस्टिम/३६० मध्ये 'डायग्नोज' नावाची एक आज्ञा होती. ती यंत्राच्या तपासणीसाठी होती आणि मॉडेलगणिक तिचा अर्थ वेगळा असायचा. सीपीवाल्यांनी तिचा उपयोग यजमानाशी बोलायची खिडकी म्हणून केला. सीएमएस ही त्यांचीच एका माणसापुरती छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. डिस्कवरून काही वाचायचं तर खऱ्या यंत्रासारखा सगळा सोपस्कार करण्याऐवजी ती या खिडकीतून सरळ सांगू लागली, "मला अमुक ब्लॉक दे." वेग वाढला. पण १९७२ साली व्हीएम/३७० आलं तेव्हा त्यातली सीएमएस नुसत्या यंत्रावर चालेनाशी झाली होती. वेग मिळाला, स्वतंत्रपणे उभं राहणं गेलं. या गोष्टीतला खरा पेच मला इथे दिसतो.

दुसरी अडचण मेमरीची. यजमान मेमरीची पानं डिस्कवर टाकतो आणि पाहुणीही, आपण एकट्याच आहोत असं समजून, तेच करते. मग असं होतं की जे पान यजमानाने आधीच डिस्कवर टाकलंय, नेमकं तेच पाहुणी डिस्कवर टाकायला काढते. म्हणजे ते आधी डिस्कवरून आणायचं आणि पुन्हा डिस्कवर लिहायचं! १९७० च्या दशकात ओएस/व्हीएस१ साठी यावर तोड निघाली, तिचं नाव 'हँडशेकिंग'. पाहुणीने स्वतः पानं हलवायची नाहीत, आणि एखादं पान नसेल तर यजमानाने तिला तसं कळवायचं, म्हणजे तेवढ्यात ती दुसरं काम हाती घेईल.

आता थोडी उडी. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी चांगल्या आभासी यंत्राच्या अटी मांडल्या. पाहुणीची प्रत्येक नाजूक आज्ञा यंत्राने अडवलीच पाहिजे, हा त्यातला गाभा. आपल्या घरोघरच्या इंटेल जातीच्या प्रोसेसरला हे जमत नव्हतं. २००० साली पेंटियमच्या अशा १७ आज्ञा मोजल्या गेल्या, ज्या अडवल्या न जाता भलतंच वागत. त्याआधीच, १९९९ मध्ये, व्हीएमवेअरने पाहुणीचं कोड चालता चालता वाचून घातक आज्ञा बदलण्याची युक्ती बाजारात आणली होती. खोटं पुन्हा चोख झालं.

आणि जुनी दुखणीही परत आली. २००२ साली कार्ल वाल्डस्पर्गर यांनी व्हीएमवेअरच्या सर्व्हरसाठी मांडलेला उपाय मजेदार आहे. पाहुणीच्या आत ड्रायव्हरच्या रूपात एक फुगा ठेवायचा. यजमानाला मेमरी हवी असेल तर फुगा फुगतो, म्हणजे पाहुणीकडेच मेमरी मागतो. कुठलं पान बिनकामाचं हे तिलाच ठाऊक असल्याने ती तेच काढून देते. पंचवीसेक वर्षांनी तोच हँडशेक, नव्या हाताने.

इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाच्या झेन प्रकल्पाने २००३ मध्ये तर लपवाछपवीच सोडली. लिनक्सच्या सुमारे ३,००० ओळी बदलल्या आणि तिला उघड सांगितलं, तू पाहुणी आहेस, हवं ते माग. वेग जवळजवळ खऱ्या यंत्राइतका आला. पण हे लिनक्सला जमलं कारण तिचा सोर्स कुणीही उघडू शकत होतं. विंडोज वापरणाऱ्याच्या हातात ते नव्हतं. पाहुणीला खरं सांगायचा हक्क ज्याच्याकडे सोर्स त्याचा!

नोव्हेंबर २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय केली, आणि न बदललेली विंडोजही झेनवर चालू लागली. गंमत म्हणजे २००६ मध्येच व्हीएमवेअरच्या दोघांनी मोजून दाखवलं की ही पहिली हार्डवेअर सोय त्यांच्या सॉफ्टवेअरपेक्षा बऱ्याचदा हळू चालते. पुढच्या पिढ्यांत ती सुधारली, पण डिस्क आणि नेटवर्कचा भास महागच राहिला. त्यासाठी २००८ च्या सुमारास रस्टी रसेल यांनी 'व्हर्टआयओ' आणलं. ही पाहुणी आणि यजमान यांच्यातली ठरलेली बोली आहे आणि ती कुठल्या एका यजमानाच्या मालकीची नाही. पुढे ओएसिस या संस्थेने तिला मानक केलं.

आता ती सुरुवातीची यादी बघा. व्हर्टआयओचे ड्रायव्हर टाका, कारण नकली डिस्कशी अस्सल सोपस्कार करण्यात अर्थ नाही. फुगा काढू नका. पाहुणीने स्वतःच्या डिस्कचा क्रम लावत बसू नये, कारण खरी डिस्क तिला दिसतच नाही. आणि तिला गरजेहून जास्त मेमरी दिलीत तर ती यजमानाच्या डोळ्यांदेखत साठेबाजी करणार. प्रत्येक उपाय म्हणजे थोडंसं खरं सांगणं.

माझं मत विचाराल तर खरं सांगावं, पण सीएमएससारखं एकाच घराला बांधून घेऊ नये. ड्रायव्हर निवडताना मी दोन गोष्टी बघतो. वेग किती वाढतो ही एक, आणि उद्या बिऱ्हाड हलवायचं झालं तर ही पाहुणी दुसऱ्या घरी उभी राहील का, ही दुसरी. सध्या तरी व्हर्टआयओ दोन्हींत पास होतं.

असो, लेख लांबला. घरच्या मंडळींपैकी इथवर जे पोचले त्यांना माझ्याकडून एक चहा.