खाजगीपणाचा हक्क, भारतातील

व्यक्तीचे घर, शरीर, पत्रव्यवहार व वैयक्तिक माहिती यांत शासनाने वा इतरांनी अकारण हस्तक्षेप करू नये, हा हक्क. भारतीय संविधानात त्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. तो न्यायनिर्णयांतून, आणि तोही बऱ्याच वळणांनी, सिद्ध झाला.

संविधानकर्त्यांना हा विषय अपरिचित होता असे नाही. १९४७ मध्ये क. मा. मुनशी व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या मसुद्यांत तत्सम तरतुदी होत्या; तथापि बी. एन. राव व अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी गुन्ह्यांच्या तपासात अडथळा येईल म्हणून त्यांस हरकत घेतली. डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अवाजवी झडती व जप्ती यांविरुद्ध दुरुस्ती मांडली. हे संरक्षण फौजदारी प्रक्रिया संहितेत असले, तरी ते विधिमंडळाच्या कक्षेबाहेर ठेवणे इष्ट, असे म्हणून आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दर्शविली. पण अखेरीस ती फेटाळली गेली.

एम. पी. शर्मा खटल्यात (१९५४) सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी झडतीच्या संदर्भात असा हक्क अमान्य केला. खरक सिंग खटला (१९६२) अधिक उद्‌बोधक आहे. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या या इसमावर उत्तर प्रदेश पोलिसांनी पाळत ठेवली होती. रात्री-अपरात्री दार ठोठावून त्याला उठविले जाई. बहुमताने या रात्रीच्या भेटी अवैध ठरविल्या, मात्र खाजगीपणा हा मूलभूत हक्क नव्हे, असेही म्हटले. ज्या कारणाने भेटी रद्द झाल्या, त्याचेच नाव घेण्यास न्यायालय कचरले, असे यावर म्हणता येईल. न्या. सुब्बा राव यांनी आपल्या भिन्नमतात मात्र खाजगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचा आवश्यक घटक मानला. गोविंद खटल्यात (१९७५) न्या. मॅथ्यू यांनी हा हक्क सावधपणे गृहीत धरला; राजगोपाल (१९९४) व दूरध्वनी-संभाषणे चोरून ऐकण्यासंबंधीचा खटला (१९९६) यांत तो दृढ झाला. परंतु हे निर्णय लहान पीठांचे होते. आधार योजनेस आव्हान मिळताच शासनाने जुन्या मोठ्या पीठांचे निर्णय पुढे केले.

त्यामुळे नेमलेल्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात हा हक्क अनुच्छेद २१ व तिसऱ्या भागातील अन्य स्वातंत्र्ये यांत अंतर्भूत असल्याचे एकमताने ठरविले. पीठावर नागपूरचे न्या. शरद बोबडे होते. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतील जबलपूर निर्णयही (१९७६) चुकीचा ठरविला. त्या निर्णयाच्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते.

हा हक्क निरपवाद नाही. त्यावरील बंधनास कायद्याचा आधार, न्याय्य हेतू व प्रमाणबद्धता लागते. या कसोट्यांवर २०१८ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा मुख्यत्वे वैध ठरला. खाजगी कंपन्यांस आधार वापरू देणारी तरतूद मात्र रद्द झाली. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने केंद्र शासनास आपल्या यंत्रणांना अधिसूचनेद्वारे सूट देण्याचा अधिकार दिला आहे. तसेच वैयक्तिक माहिती नाकारण्यासंबंधीच्या, माहिती अधिकार अधिनियमातील कलमात बदल केला आहे.